शिजलेल्या बियांचा शाप

एका राज्यात पीक शिवारभर उभे होते आणि माणसे उपाशी मरत होती.

जोंधळ्याची कणसे दाण्यांनी वाकली होती. आंब्याच्या फांद्या फळांच्या भाराने भुईला टेकल्या होत्या. वेलींवर भोपळे पिकत, फुटत आणि तिथेच सडत. तरी त्या शिवारातून जाताना माणसे तोंडावर हात घट्ट दाबून धरीत, आणि आया लेकरांच्या तोंडाला फडकी बांधीत. कारण त्या राज्यात जो कोणी झाडाचे मूळ, खोड, पान, फूल, फळ वा बी तोंडात घाली, त्याच्या अंगात ते झाड उगवे.

हे असे का झाले, ते आधी सांगतो.

त्या राज्याच्या डोंगरात एक गुहा होती आणि गुहेत तांब्याचा एक रांजण होता. पृथ्वीवर पहिली पेरणी झाली तेव्हापासूनचे, प्रत्येक झाडाचे बी त्या रांजणात होते. त्याची राखण तळजोगी करी. तळजोगी मातीखाली राही आणि त्याला कोणी पाहिले नव्हते. दर वर्षी पेरणीच्या वेळी राजा त्या रांजणातून मूठभर बी नेई आणि सुगी झाली की ओंजळभर परत आणून घाली. राजामागून राजे झाले, पण हे चुकले नाही.

मग भद्रसेन गादीवर आला. त्याने मोठे युद्ध जिंकले आणि शेजारच्या राजांना मेजवानीला बोलावले. सोन्याच्या ताटांत काय वाढावे, असा त्याला प्रश्न पडला. जगात कोणी खाल्ले नाही ते माझ्या पंगतीला हवे, असे त्याने ठरवले. त्याने डोंगरातला रांजण खाली आणवला, त्यातले सगळे बी तुपात परतायला लावले, आणि केशर घालून शिजवले.

पंगत बसली. रीतीप्रमाणे प्रधान नागदेवाने पहिला घास चाखला. त्याच क्षणी भोजनगृहाच्या मधली फरशी वर उचलली गेली आणि खालून एक माणूस बाहेर आला. त्याच्या अंगाला माती लागली होती की माती हेच त्याचे अंग होते, ते कोणाला कळले नाही. त्याच्या डोळ्यांच्या जागी दोन ओल्या खाचा होत्या.

“राजा,” तळजोगी म्हणाला, “ताटात काय आहे?”

“आजवर कोणी खाल्ले नाही ते,” भद्रसेन म्हणाला.

“शिजलेले बी उगवत नाही, असे तुला वाटते?”

राजाने ताटाकडे पाहिले.

“उगवेल,” तळजोगी म्हणाला. “जे मातीत उगवायचे ते तू पोटात घालायला निघालास. आता ते पोटातच उगवेल. माझा रांजण पुन्हा भरेपर्यंत या राज्यातला माणूस झाडाचे जे जे खाईल, ते ते त्याच्यात रुजेल.”

प्रधान नागदेवाने पोट धरले. त्याच्या तळव्यांतून जाड मुळे निघून फरशीच्या सांध्यांत शिरली. त्याची पाठ खरबरीत झाली, बोटे लांबली, आणि पंगतीतले राजे ताटे टाकून पळेपर्यंत भोजनगृहात एक फणस उभा राहिला. त्याच्या सालीत प्रधानाचा चेहरा दिसत होता. डोळे उघडे होते.

“आणि मला?” भद्रसेनाने विचारले.

“तुला काही होणार नाही,” तळजोगी म्हणाला. “तू बघत राहा.”

आणि तो फरशीखाली निघून गेला.

तेव्हापासून लोक दुधावर, मासळीवर आणि शिकारीवर राहू लागले. काही काळ ते पुरले. मग नदीतली मासळी संपली, रानातली हरणे संपली, गुरे कापून संपत आली. राजाने डोंगराकडे घोडेस्वार पाठवले. घोडे परत आले, स्वार आले नाहीत. तो स्वतः गेला तेव्हा गुहेचे तोंडच त्याला सापडले नाही. जिथे जाई तिथे सपाट कातळ होता.

राजाची राणी यशोमती. त्यांना एकच मुलगी होती, कनका. तिचे दुधाचे दात नुकते पडू लागले होते. एके सकाळी दाईचा डोळा लागला. कनका राजवाड्यामागच्या मळ्यात गेली आणि वाटाण्याच्या वेलापाशी बसली. ती परत आली तेव्हा तिच्या ओठांना हिरवा रस लागला होता.

“गोड होत्या, आई,” ती म्हणाली. “थोड्याच खाल्ल्या.”

राणीने तिच्या घशात बोटे घालून पाहिली. काही बाहेर आले नाही.

आधी कनकाचे पोट फुगले, भिजत घातलेले कडधान्य फुगते तसे. मग तिच्या टाचेतून एक पांढरा तंतू निघाला. बी रुजते तेव्हा मूळ आधी खाली जाते आणि कोंब मागाहून वर येतो. कनकाचेही तसेच झाले. तो तंतू पलंगावरून उतरला, पलंगाच्या पायाला वेढा घालून फरशीवर आला आणि फट शोधू लागला. राणीने मुलीला उचलून साखळ्यांच्या झोपाळ्यावर ठेवले, म्हणजे मूळ जमिनीला पोहोचणार नाही. पण माती मिळेना तशी कनका सुकू लागली. तिचे ओठ तडकले, नजर फिरू लागली. तिने पाण्याचा घोट घेतला तरी तो तिच्या उपयोगी पडेना.

मग राणीने स्वतःच्या हातांनी एका परातीत ओली माती भरली आणि मुलीचे पाय त्या मातीत ठेवले.

कनकाने डोळे मिटले. तिच्या गालांवर रंग आला. तिला बरे वाटले, आणि तेच पाहून राणी घाबरली.

पुढे तिच्या खांद्यांवर जोडीजोडीने पाने फुटली. बोटांच्या टोकांना बारीक ताणे आले. ते हवेत चाचपडत आणि जे सापडेल त्याला विळखा घालीत. राणी जवळ बसली की तिच्या बांगड्यांना गुंडाळत. पहिल्यांदा तिला वाटले, मुलीने हात धरला आहे.

भोजनगृहातल्या फणसावर रोज एक धनेश पक्षी येऊन बसे. त्याच्या पंखांचा घोंघावणारा आवाज दुरून ऐकू येई. त्याच्या चोचीत नेहमी एखादे पिकलेले उंबर असे. राणी एक दिवस त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“तू रोज फळे खातोस,” ती म्हणाली. “तुझ्यात काही उगवत नाही?”

“मी फळ खातो आणि बी दूर नेऊन टाकतो,” धनेश म्हणाला. “माझ्यामागे झाडे उगवतात. माझ्यात उगवायचे त्यांना कारण नाही.”

“माझी मुलगी कशी सुटेल?”

“तळजोग्याला विचार. पण लवकर जा. प्रधान फणस झाला आहे, तो कित्येक पिढ्या उभा राहील. वाटाणा एका हंगामाचा. तो फुलतो, शेंगा धरतो, बी पिकवतो आणि वाळतो. मुलीच्या कानामागे कळी आली आहे. तू पाहिली नाहीस?”

राणीने पाहिली होती. पण तिने कोणाला सांगितले नव्हते.

तिने राजाला सांगितले, “मी जाते. महाराज, आपल्याला गुहा दिसली नाही, धनेशामागे गेले तर मला दिसेल. तोवर तिच्या पायांखालची माती सुकू देऊ नका. वेल पडू देऊ नका.”

“आणि तू आली नाहीस तर?” राजा म्हणाला.

“तर आपण बघत राहा,” राणी म्हणाली. तिला तसे म्हणायचे नव्हते, पण शब्द निघून गेले. राजाने मान खाली घातली.

धनेश पुढे उडत होता आणि राणी त्याच्या पंखांच्या आवाजामागे चालत होती. वाटेत एक गाव लागले. तिथे घरे होती, चुली होत्या, पण माणूस नव्हता. अंगणाअंगणात झाडे उभी होती. एका केळीच्या खोडात कानातली बाळी रुतली होती. एक शेवगा दाराच्या उंबऱ्यात वाढला होता आणि त्याच्या फांदीने दाराची कडी धरली होती. भूक अनावर झाली तेव्हा त्या गावाने एकत्र बसून पोटभर खाल्ले होते. वारा नव्हता, तरी राणी पुढे गेली तशी सगळी पाने तिच्या बाजूला वळली. ती धावत सुटली आणि गाव मागे पडेपर्यंत थांबली नाही.

कातळात तिला गुहेचे तोंड दिसले. धनेश आत आला नाही.

गुहा उतरत उतरत एका खोल खड्ड्यात गेली. त्या खड्ड्यावर आभाळ उघडे होते आणि सूर्य त्या आभाळातून घारीसारखा भराभर फिरत होता. सकाळ झाली म्हणेपर्यंत सावल्या लांबत. खाली तळजोग्याची बाग होती. मधोमध रिकामा रांजण होता आणि त्याला टेकून तळजोगी बसला होता.

“काय हवे?” त्याने विचारले.

“माझी मुलगी.”

“मला माझे बी हवे. ज्याचे मूळ माणसे खातात, त्याचे बी आण. ज्याचे पान खातात, त्याचे आण. आणि ज्याचे बीच खातात, त्याचेही आण. या तिन्हींनी वाट उघडली की बाकीची आपोआप येतील. पहिला वाफा तो समोर आहे. मला आधीच सांगू दे, इथे झाडे जितक्या लवकर वाढतात तितक्याच लवकर भूकही वाढते.”

पहिल्या वाफ्यात मुळे होते. राणी जवळ गेली आणि जागीच थांबली. मुळ्यांच्या मधे माणसांची डोकी होती. गळ्यापर्यंत ती मातीत पुरलेली होती, केसांच्या जागी हिरवा पाला होता. त्यातले एक डोके तिने ओळखले. तो शिलेदार रायाजी होता. राजाने पाठवलेला पहिला स्वार.

“राणीसाहेब,” रायाजी हळू म्हणाला, “काही उपटू नका.”

“तुम्ही उपटलात?”

“एक उपटला. एकच घास घेतला.”

राणीने वाकून त्याच्या खांद्याभोवतीची माती उकरायला हात घातला. तो कळवळला. “मला उपटू नका. मूळ उपटले की झाड मरते. पाने खुडली तर जगते, फळ तोडले तर जगते. आमचे सगळे मुळातच आहे.”

राणी हात काढून बाजूला बसली. आणि भूक आली.

ती रोजची भूक नव्हती. पोटापासून निघून ती दातांपर्यंत आली. समोर मुळे मातीतून आपले पांढरे खांदे वर काढीत होते, अगदी तिच्या हाताजवळ, रसाने भरलेले. त्यांचा तिखट वास तिच्या नाकात बसला. तिने दोन्ही हात एकत्र धरले आणि दातांनी गाठ मारून स्वतःच्या पदराने बांधले. सूर्य फिरत राहिला. मुळ्यांतून दांडे वर चढले, दांड्यांना फिकी जांभळट फुले आली, कुठून तरी मधमाश्या आल्या. मग डिंगऱ्यांच्या शेंगा धरल्या. बी भरू लागले तसा खालचा मुळा पोकळ होत गेला. त्याने साठवलेली सगळी गोडी वर बीकडे गेली आणि तोंडात घालावे असे खाली काही उरले नाही. तेव्हा कुठे भूक ओसरली. डिंगऱ्या वाळल्या. राणीने गाठ दातांनी सोडली आणि तांबूस बी पदरात बांधून घेतले.

“जमले आपल्याला,” रायाजी म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, “आता मला भूक लागत नाही, राणीसाहेब. त्याचीच भीती वाटते.”

त्याचे बोलणे तेव्हा तिला समजले नाही.

दुसऱ्या वाफ्यात तांबडा माठ होता. पाने कोवळी, ओली, तळहाताएवढी. भूक पुन्हा आली आणि या वेळी दुप्पट आली. राणीने हात बांधले, तोंड फिरवले, डोळे मिटले. पण तिच्या मनात विचार आला की मूळ उपटले तर झाड मरते, एक पान खुडले तर मरत नाही. रायाजीनेच सांगितले होते. बी तर येणारच. एका पानाने कोणाचे काय जाणार आहे?

तिने वाकून दातांनी एक पान तोडले आणि खाल्ले.

माठाला काही झाले नाही. तो वाढत राहिला. राणीच्या डाव्या मनगटात मात्र कळ आली, कातडी टरारली आणि त्यातून एक तांबडे पान बाहेर आले. ती किंचाळली नाही. किंचाळावे असे तिला वाटलेच नाही, कारण त्या पानावर ऊन पडले आणि तिची भूक गेली.

इतके दिवस ती भूक बरोबर घेऊन जगत होती. ती अशी सरली की कधी नव्हतीच असे वाटावे. ऊन पानावर पडे आणि अंगात गोडवा उतरे. पायांत गारवा चढे. तिने खाली पाहिले तर तिच्या पायांची बोटे मातीत गेली होती, आणि ते तिला बरे वाटले. हलायचे कशाला? हात वर धरावा, ऊन घ्यावे, आणि हळूहळू एक बी पिकवावे. तिच्या आतल्या त्या झाडाला दुसरे काही नको होते. त्याला मरणाचे भय नव्हते. त्याला भय होते ते बी न पिकवता तुटण्याचे.

तळजोगी जवळ येऊन उभा राहिला.

“तुझ्या मुलीचे नाव काय?” त्याने विचारले.

राणीने तोंड उघडले. नाव आठवेना. मुलगी आहे, हे तिला माहीत होते. नाव आठवेना.

सूर्य खड्ड्याच्या कडेआड गेला. सावली पडली, पानावरचे ऊन गेले आणि भूक परत आली. भुकेबरोबर परात आठवली, पराती‌तली ओली माती, तिने स्वतः त्यात ठेवलेले लहानसे पाय.

“कनका,” ती म्हणाली.

ती खाली बसली, हातांची गाठ दातांनी सोडली, पावलांभोवतीची माती उकरली आणि पाय ओढून काढले. बोटांना फुटलेली मुळे तुटली. रक्त आले. तिने लुगड्याचा तुकडा फाडून मनगटावरच्या पानाभोवती घट्ट गुंडाळला, उन्हाचा कवडसाही लागणार नाही असा. मग माठाचे तुरे वाळेपर्यंत सावलीत बसून राहिली आणि काळे चमकदार बी झाडून पदरात घेतले.

“दोन झाली,” ती म्हणाली. “तिसरा वाफा कुठे आहे?”

“तिसरे बी तुझ्या घरी पिकते आहे.”

राणीला कळायला वेळ लागला नाही. तिने रांजणाचा काठ धरला.

“पुरते पिकू दे,” तळजोगी म्हणाला. “हिरवे आणलेस तर रुजणार नाही.”

“बी पिकले की वेल वाळतो.”

“वाळतो.”

“मग तिचे काय होईल?”

“भद्रसेनाने बी शिजवले, तेव्हा पुढे काय होईल असे मला कोणी विचारले नाही,” तळजोगी म्हणाला. “तूही विचारू नकोस.”

राणी आली त्या वाटेने परत गेली. राजवाड्यात शिरली तेव्हा दुपार होती. कनकाचे दालन हिरवेगार झाले होते. वेल छताला गेला होता, खिडकीच्या गजांना गुंडाळला होता, पांढऱ्या फुलांनी भरला होता. पानांच्या मधून कनकाचा चेहरा तेवढा दिसत होता. भिंतीशी हिरव्या शेंगांचा ढीग होता. जवळ राजा उभा होता आणि त्याच्या हातात आणखी एक शेंग होती.

“ती जिवंत आहे,” राजा म्हणाला. त्याचे डोळे खोल गेले होते. “माळ्याने सांगितले, शेंग कोवळी असताना तोडली की वेल वाळत नाही, पुन्हा फुलतो. मी एकही पिकू दिली नाही. एकही नाही.”

“आता तोडू नका,” राणी म्हणाली. आणि तिने तळजोग्याचे मागणे सांगितले.

राजा वेलाच्या आणि तिच्या मधे आला. “नाही. मी एकदा जगाचे बी घालवले. आता मुलगी घालवणार नाही. ती अशीच राहील, पण राहील.”

“आणि मोठी कधी होईल?”

राजाने हातातली शेंग घट्ट धरली.

राणीने मनगटावरची चिंधी सोडली. तांबडे पान चुरगळले होते, तरी उघडताच उजेडाकडे वळले. ते पाहून राजा मागे सरकला.

“मी आत जाऊन आले आहे, महाराज,” राणी म्हणाली. “झाडाला बी पिकवायचे असते, दुसरे काही नको असते. आपण रोज तोडता आणि ते रोज पहिल्यापासून सुरुवात करते. तिला विचारा.”

राजा पानांपाशी वाकला. “कनका, बाळ, तुला दुखते?”

पाने हळूच हलली. मग पानांतून बारीक आवाज आला. “तोडता तेव्हा दुखते, बाबा. फार दमले मी.”

राजाच्या हातातली शेंग खाली पडली.

“तळजोगी फसवत असेल तर?” तो म्हणाला.

“ते मला माहीत नाही,” राणी म्हणाली.

त्यांनी शेंगा राहू दिल्या. दोघे वेलाच्या दोन बाजूंना बसले. शेंगा लांबल्या, फुगल्या, आतले दाणे बाहेरून दिसू लागले. मग खालची पाने पिवळी पडली आणि पिवळेपणा रोज वर चढू लागला. राणीने परातीत पाणी घालणे बंद केले. राजा आपले हात मांडीखाली दाबून बसे, कारण ते आपोआप शेंगांकडे जात. ताण्यांनी गजांवरची पकड सोडली. वेल छतावरून घसरून खाली आला आणि कनकाच्या अंगावर गोळा झाला. तिने बोलणे थांबवले. मग डोळे उघडणे थांबवले. राणीने पाल्यातून हात घालून तिचा हात धरला. तो हलका, कोरडा होता आणि दाबला की करकरे.

एका सकाळी वारा आला आणि शेंगा खुळखुळल्या.

राणीने एक शेंग उकलली. आतले दाणे सुरकुतलेले आणि खड्यासारखे टणक होते. मुलीच्या चेहऱ्याकडे पाहायचे धैर्य तिला झाले नाही. तिने दाणे पदरात घेतले. फरशी उचलली गेली आणि रिकामा रांजण खांद्यावर घेऊन तळजोगी वर आला.

“मुळ्याचे,” राणी म्हणाली आणि बी रांजणात टाकले. “माठाचे. वाटाण्याचे.” ती रांजणापाशीच उभी राहिली. “आता माझी मुलगी द्या.”

“एक दाणा राजाच्या हातात दे,” तळजोगी म्हणाला. “ज्याने शिजवले, त्याने पेरावे.”

भद्रसेनाने आयुष्यात कधी माती उकरली नव्हती. बी किती खोल घालायचे, हे त्याला ठाऊक नव्हते. राणीने त्याचे बोट धरून परातीतल्या मातीत पेराएवढे खोल टोचले. त्याने दाणा सोडला, माती सारली, ओंजळीने पाणी घातले. मग गुडघ्यांवर बसून राहिला. वाळलेला वेल समोर होता आणि त्याच्या आत काही हलत नव्हते.

सावल्या भिंतीवरून सरकल्या. माती केसाएवढी तडकली. तिथून एक फिका, वाकलेला कोंब बाहेर आला, हळूहळू ताठ झाला आणि त्याने दोन पाने उघडली. तो मातीत उगवला होता. माणसात नव्हे.

वेल मोडल्याचा आवाज झाला. काटक्या, पाला, ताणे यांचा भारा कडकड करीत कनकाच्या अंगावरून फरशीवर पडला. तिच्या टाचांची मुळे सुतळीसारखी तुटली. ती तोंडावर पडणार तोच राजाने तिला धरले. ती उघडीवाघडी, खंगलेली होती, गालांवर पानांचे वळ होते. तिने एक मोठा श्वास घेतला आणि रडू लागली. राणीने तिच्या अंगावर पदर घातला. तिच्या मनगटावरचे पान वाळून गळाले आणि तिथे फक्त एक तांबडा डाग राहिला.

रांजणात सरीसारखा आवाज होत होता. बी कुठून येत होते ते दिसत नव्हते. जोंधळा, तीळ, वाल, भोपळा, मोहरी, अंबाडी, फणसाच्या आठळ्या, आंब्याच्या कोयी असे सगळे काठापर्यंत भरले. भोजनगृहात फणसाची साल उकलली आणि प्रधान नागदेव बाहेर पडून भिंतीला धरून उभा राहिला. त्याला चालायचे कसे ते आठवावे लागले. दूर त्या मुक्या गावात दारांच्या कड्या वाजल्या. डोंगरातून रायाजी आणि त्याचे स्वार मातीने माखलेले, एकमेकांना आधार देत, खाली यायला निघाले.

तळजोग्याने रांजण उचलला.

“खा,” तो राजाला म्हणाला. “मूळ खा, पान खा, फळ खा, बीही खा. त्यासाठीच झाडे उदार आहेत. पण पेरायचे आधी बाजूला काढ.”

आणि तो फरशीखाली गेला. फरशी जागेवर बसली.

शाप सरला होता, तरी त्या दिवशी राज्यात कोणी काही खाल्ले नाही. लोक शेतांच्या बांधांवर उभे राहून पिकाकडे पाहत होते. राजवाड्याच्या चौकात मळ्यातून टोपलीभर भाजी आणून ठेवली होती आणि तिच्याभोवती प्रधान, शिलेदार, आचारी, दाया, सगळे उभे होते. कोणाचा हात पुढे होईना. राजाने खाल्ले असते, पण त्याला शाप कधी लागलाच नव्हता. त्याच्या खाण्याने कोणाचीच खात्री पटली नसती.

“आई, भूक लागली,” कनका म्हणाली.

राणीने टोपलीतून एक मुळा घेतला. तो धुतला, त्याचे टोक मोडले आणि आधी स्वतः चावले. मग तिने आपल्या टाचांकडे पाहिले. सगळ्यांनी पाहिले. काही निघाले नाही. तिने उरलेला मुळा मुलीला दिला. कनकाने तो दोन्ही हातांनी धरला.

कनकाने खाल्ले. चौकात फक्त तिच्या चावण्याचा आवाज येत होता. तिच्या डोळ्यांत तिखटाने पाणी आले. तिने ते पुसले, घास गिळला, आणि आपल्याकडे इतके लोक का पाहताहेत ते न कळून आईकडे वळली.

“अजून आहे?” तिने विचारले.

तेव्हा आचारी चुलीकडे धावले, आणि बांधांवर उभी असलेली माणसे शेतांत उतरली.